संमेलनाच्या दारावरचा अधिकार

2 जुलै 1939 या दिवशी न्यूयॉर्कच्या कॅरॅव्हॅन हॉलमध्ये पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन सुरू झालं. त्याची हकीकत सांगणारे बहुधा आत काय घडलं तेवढंच सांगतात. सन्माननीय पाहुणे होते मासिकांची रंगीत मुखपृष्ठं काढणारे चित्रकार फ्रँक पॉल. जॉन कॅम्पबेलसारखे संपादक बोलले, 'मेट्रोपोलिस' हा मूकपट दाखवला गेला, मूळ चित्रांचा लिलाव झाला. श्रोत्यांत पुढे नामवंत लेखक झालेले दोघे होते: एकोणीस वर्षांचा आयझॅक असिमॉव्ह आणि उसने पैसे घेऊन लॉस एंजेलिसहून बसने आलेला अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरी. मला मात्र त्या दिवशी सभागृहाच्या दाराशी जे घडलं ते या सगळ्याहून महत्त्वाचं वाटतं. डोनाल्ड वोल्हाइम, फ्रेडरिक पोल, जॉन मिशेल, रॉबर्ट लाउंड्स, सिरिल कॉर्नब्लुथ आणि जॅक गिलेस्पी या सहा जणांना आत येऊ दिलं नाही. अडवणारे सॅम मॉस्कोविट्झ, विल्यम सायकोरा आणि जेम्स टॉरासी हे तिघेही त्यांच्यासारखेच वाचक होते, जवळपास त्यांच्याच वयाचे, तीच मासिकं वाचून वाढलेले.

वाचकांची संमेलनं वाचकांनीच चालवावीत, कंपन्यांनी किंवा सरकारने नव्हे, हे माझं ठाम मत आहे. पण तेवढ्याने ती सगळ्यांची होत नाहीत. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर ठेवायचं हे कोण ठरवतं, ठरवताना कारण लिहून देतं की नाही आणि त्या निर्णयावर दाद मागता येते की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. या छोट्याशा जगाने हा प्रश्न ऐंशीहून अधिक वर्षं सोसला आहे, म्हणून त्याचा इतिहास नीट पाहायला हवा.

या जगाची सुरुवात पत्त्यांपासून झाली. एप्रिल 1926 मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढलं. पंचवीस सेंट किमतीचं, जाड्याभरड्या कागदावरचं. त्यातला वाचकांचा पत्रव्यवहार हे सदर लवकरच कथांइतकंच लोकप्रिय झालं आणि पत्रांखाली लेखकाचा पूर्ण पत्ता छापला जाऊ लागला. एवढ्या साध्या गोष्टीने केवढं काम केलं! गावात आपल्यासारखं वाचणारं कुणी नाही असं समजणाऱ्या पोराला एकाएकी चार गल्ल्यांपलीकडचं किंवा चारशे मैलांवरचं नाव सापडायचं. पत्रं सुरू झाली, पत्रांतून मंडळं निघाली, मंडळांनी हेक्टोग्राफवर नाहीतर सायक्लोस्टाइलवर आपापली पत्रकं काढली. ती पत्रकं म्हणजेच फॅनझीन. रेमंड पामर यांचं 'द कॉमेट' 1930 मधलं. न्यूयॉर्कचं 'सायन्सिअर्स' हे मंडळ त्याच्याही आधीचं, डिसेंबर 1929 मधलं. त्याचे पहिले अध्यक्ष होते वॉरन फिट्झजेराल्ड, हार्लेममध्ये राहणारे कृष्णवर्णीय वाचक. मंडळाच्या बैठका त्यांच्या घरी भरत. पुढच्या कित्येक दशकांत या संमेलनांच्या छायाचित्रांत जवळपास सगळे चेहरे गोरे दिसतात. म्हणून आरंभीच्या मंडळांपैकी एकाचं दार हार्लेममधल्या घराचं होतं, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

1934 मध्ये गर्न्सबॅक यांनी आपल्या नव्या मासिकातर्फे, 'वंडर स्टोरीज'तर्फे, 'सायन्स फिक्शन लीग' काढली. गावोगावी शाखा निघाल्या: फिलाडेल्फिया, शिकागो, ब्रुकलिन, लॉस एंजेलिस, आणि इंग्लंडात लीड्स. हे संघटन उभं राहिलं मासिकाच्या मालकाच्या पैशावर आणि त्याच्याच मर्जीवर. ती मर्जी कशी फिरते हे वर्षभरात दिसलं. वोल्हाइम यांची एक कथा जानेवारी 1934 च्या अंकात छापून आली, तिचे पैसे मिळाले नाहीत. चौकशी करता इतर लेखकांचेही पैसे थकल्याचं निघालं. त्यांनी ते एका पत्रकात जाहीर छापलं. प्रकरण पुढे कोर्टाबाहेर 75 डॉलरवर मिटलं. पण लीगने 1935 मध्ये वोल्हाइम, मिशेल आणि सायकोरा या तिघांना काढून टाकलं, आणि तेही मासिकात नावं छापून. सुनावणी नाही, सभासदांचं मत नाही.

या तिघांतलं सायकोरा हे नाव लक्षात ठेवायला हवं. 1935 मध्ये वोल्हाइम यांच्याबरोबर ज्यांना बाहेर काढलं, तेच सायकोरा 1939 मध्ये वोल्हाइम यांना बाहेर ठेवणाऱ्यांत होते. त्यांना दुष्ट म्हणण्याचा माझा हेतू नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो अधिकार हाती आल्यावर न्यायाने वागेल असं आपण धरून चालतो, आणि ते बरोबर नाही. नियम नसले की माणूस आपल्या माणसांकडे आणि आपल्या रागाकडे पाहून ठरवतो.

पहिलं संमेलन कुठलं, हा वाद अजून मिटलेला नाही. 22 ऑक्टोबर 1936 रोजी न्यूयॉर्कचे काही वाचक आगगाडीने फिलाडेल्फियाला गेले, तिथल्या मंडळींना भेटले, मिल्टन रॉथमन यांच्या घरी बसले आणि हेच पहिलं विज्ञानकथा संमेलन असं त्यांनी जाहीर केलं. दहा-पंधरा पोरं, दिवसभराच्या गप्पा. 3 जानेवारी 1937 रोजी लीड्सच्या थिऑसॉफिकल हॉलमध्ये ब्रिटिश वाचक जमले. तेही पंधरा-वीसच. पण सभागृह घेतलेलं होतं, कार्यक्रम ठरलेला होता, भाषणं झाली, आणि तिथेच 'सायन्स फिक्शन असोसिएशन' स्थापन झाली. आर्थर क्लार्क तिथे होते, वय एकोणीस. माझा कौल लीड्सला आहे. अमेरिकेवर राग आहे म्हणून नव्हे. मित्रांची बैठक आणि संमेलन यांत फरक असतो आणि तो आकड्याचा नसतो. ज्याला अनोळखी माणूसही येऊ शकतो, ते संमेलन. कुणाच्या घरी आपण बोलावल्याशिवाय जात नाही. जाहीर केलेल्या सभागृहात जातो. म्हणजे पहिलं कोण हा प्रश्नसुद्धा शेवटी दाराचाच आहे.

आता 1937 च्या ऑक्टोबरकडे येऊ. फिलाडेल्फियालाच पुन्हा सभा भरली. मिशेल यांनी एक भाषण लिहून आणलं होतं. त्यांना बोलताना अडखळायला व्हायचं, म्हणून ते वोल्हाइम यांनी वाचून दाखवलं. स्पेनमध्ये यादवी चालू होती, जर्मनीत हिटलर सत्तेवर होता. भाषणाचा आशय असा की, भविष्याची स्वप्नं रंगवणाऱ्या वाचकांनी त्या भविष्यासाठी वर्तमानात बाजू घेतली पाहिजे. रानटीपणा, छद्मविज्ञान आणि युद्धखोरी यांच्या विरोधात या संमेलनाने ठराव करावा. ठराव मतदानाला टाकला गेला आणि 12 विरुद्ध 8 मतांनी पडला. मी तिथे असते तर ठरावाच्या बाजूने हात वर केला असता. पण ही सभा मला नमुनेदार वाटते ती वेगळ्या कारणाने: मतभेद टोकाचा होता आणि तो मतदानाने सुटला. हरलेले आठ जण हरले, पण खोलीतच राहिले.

त्यानंतर फूट वाढत गेली. मे 1938 मध्ये न्यूअर्कला मॉस्कोविट्झ आणि सायकोरा यांनी शंभराहून अधिक माणसं जमवून दाखवली. त्या काळी हा आकडा अचंबित करणारा होता. त्याच वर्षी एका बाजूला 'न्यू फँडम' ही संघटना उभी राहिली, दुसऱ्या बाजूला वोल्हाइम, पोल, मिशेल वगैरेंचं 'फ्युचुरियन्स' हे मंडळ. 1939 मध्ये न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरणार होतं, उद्याचं जग हा विषय घेऊन. त्या निमित्ताने संमेलन घ्यायची कल्पना मूळ वोल्हाइम यांच्या गटाची, पण आयोजन गेलं 'न्यू फँडम'कडे. नावातलं 'जागतिक' हे विशेषण त्या प्रदर्शनावरूनच आलं. प्रत्यक्षात जमले ते दोनशेच्या आसपास लोक, आणि बहुतेक सगळे अमेरिकी.

दाराशी काय घडलं याच्या तपशिलांत दोन्ही बाजूंचा मेळ बसत नाही, पण गाभा स्पष्ट आहे. सभागृहात एक पिवळं पत्रक सापडलं, रेडिएटरच्या मागे लपवलेलं. हे संमेलन हुकूमशाही पद्धतीने चालवलं जाणार आहे, सावध राहा, असा त्याचा सूर. ते फ्युचुरियन्सनी आणलं असं गृहीत धरून सहा जणांना अडवलं गेलं. पत्रक खरं तर डेव्हिड काइल यांनी छापलं होतं, आणि काइल आत बसले होते. गोंधळ घालणार नाही असं वचन दिलंत तर सोडतो, असं आपण सुचवलं होतं आणि त्यांनी नकार दिला, असं मॉस्कोविट्झ नंतर लिहितात. असिमॉव्हही फ्युचुरियनच होते. त्यांना कुणी अडवलं नाही, ते आत गेले.

यावर आयोजकांच्या वतीने बोलायचं तर पुष्कळ बोलता येतं आणि ते टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. ही तरुण पोरं होती. मॉस्कोविट्झ यांचा एकोणिसावा वाढदिवस नुकताच झाला होता. पदरचे पैसे घालून, महिनोन्महिने पत्रं टाइप करून त्यांनी हे उभं केलं होतं. समोरच्या गटाला भांडणांची हौस होती, त्यांनी याआधी संघटना मोडल्याही होत्या. आपला एवढा मोठा दिवस कुणी उधळून लावेल ही भीती खोटी नव्हती. कुठल्याही आयोजकाला शिस्त राखण्याचा हक्क असतोच. आजच्या संमेलनांत छळ करणाऱ्या माणसाला बाहेर काढायचा अधिकार नसेल तर बायका तिथे जाणारच नाहीत.

पण त्या दिवशी शिस्त मोडण्याआधीच शिक्षा झाली, आणि ती दुसऱ्याच माणसाच्या कृत्याबद्दल झाली. निर्णय घेणारे तिघे त्या भांडणातले पक्षकार होते. नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि अपील कुणाकडे करायचं याला उत्तर नव्हतं. आत बसलेल्या दोनशे जणांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर निकाल निराळा लागण्याची बरीच शक्यता होती, कारण काहींनी आत या बंदीबद्दल आवाज उठवलाही. हुकूमशाहीचा इशारा देणारं पत्रक आयोजकांनी आपल्याच हातांनी खरं ठरवलं.

ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांचं काय झालं पाहा. पोल त्याच वर्षाअखेर विज्ञानकथा मासिकांचे संपादक झाले आणि पुढे 'गॅलक्सी' हे मासिक त्यांच्याकडे आलं. वोल्हाइम यांनी 1943 मध्ये खिशात मावणाऱ्या आकाराचा विज्ञानकथांचा पहिला संग्रह संपादित केला आणि 1971 मध्ये 'डॉ बुक्स' (DAW Books) ही प्रकाशनसंस्था काढली. कॉर्नब्लुथ उत्तम कथाकार झाले. लाउंड्स यांनी अनेक वर्षं मासिकं संपादित केली. ही माणसं पुढे मोठी झाली म्हणून त्यांना अडवणं चूक होतं, असं मी म्हणत नाही. गिलेस्पींचं नाव आज कुणाला ठाऊक नाही आणि त्यांच्यावरचा अन्याय तेवढाच होता. मुद्दा इतकाच की दारावर उभ्या असलेल्याला उद्याचं काही दिसत नसतं.

आत जे होते त्यांच्यापैकीही सगळ्यांचा हिशेब नीट मांडला गेलेला नाही. फॉरेस्ट अकरमन त्या दिवशी भविष्यकाळातला पोशाख घालून आले होते आणि संमेलनात वेषभूषा करून येण्याची प्रथा त्यांच्यापासून सुरू झाली असं सर्रास सांगितलं जातं. पोशाख दोन होते. दुसरा घालून आल्या होत्या मर्टल डग्लस, मोरोजो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, फॅनझीनच्या संपादक, एस्पेरांतो ही कृत्रिम भाषा जाणणाऱ्या. आणि दोन्ही पोशाख तयार केले होते त्यांनीच. दार उघडं असूनही नाव बाहेर राहू शकतं, त्याचं हे उदाहरण.

या सगळ्याचा पहिला सविस्तर इतिहास खुद्द मॉस्कोविट्झ यांनी लिहिला, 'द इमॉर्टल स्टॉर्म' या नावाने. अडवणारा इतिहासकार झाला! पण बाहेर ठेवलेल्यांच्या हातातही लेखणी होती. पोल यांनी आत्मचरित्र लिहिलं, नंतर फ्युचुरियन्समध्ये आलेल्या डेमन नाइट यांनी त्या मंडळावर पुस्तक लिहिलं. म्हणून आज आपण दोन्ही बाजू तोलू शकतो. ज्या संमेलनांत बाहेर राहिलेल्याला लिहिता येत नाही, तिथल्या दारांवर काय घडतं ते कुणाला कळतही नाही.

पुढे संमेलन फिरतं राहिलं: 1940 ला शिकागो, 1941 ला डेन्व्हर, मग युद्धामुळे खंड, 1946 ला लॉस एंजेलिस. 1948 मध्ये टोरोंटोला आणि 1957 मध्ये लंडनला ते अमेरिकेबाहेर गेलं. 1953 पासून गर्न्सबॅक यांच्या नावाने, सभासदांच्या मतांनी दिले जाणारे ह्यूगो पुरस्कार. 1952 मध्ये शिकागोच्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या ज्युलियन मे, या पदावरच्या पहिल्या स्त्री. या काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली. सगळं एका कायमस्वरूपी नोंदणीकृत संस्थेच्या हाती द्यायचा प्रयत्न 1950 च्या दशकात झाला आणि भांडणांत मोडला. मग जी व्यवस्था रुळली तीत कायमचा मालक कुणी नाही. दर वर्षीचं संमेलन वेगळी समिती भरवते, जागा सभासद मतांनी निवडतात, घटना लिखित आहे आणि तिच्यात बदल करायचा तर लागोपाठ दोन वर्षांच्या सर्वसाधारण सभांनी तो मंजूर करावा लागतो. हे सगळं संथ, कटकटीचं, कलमांवर तासन्तास वाद घालणारं आहे. मला ते फार मोलाचं वाटतं. मोठमोठे व्यापारी 'कॉन', म्हणजे कंपन्यांचे मेळावे, आज लाखोंची गर्दी खेचतात, पण तिथे तिकीट काढणारा ग्राहक असतो. इथे तो सभासद असतो, त्याला ठराव मांडता येतो.

मराठी वाचकाला ही वाट थोडी परकी वाटेल, कारण आपल्याकडे विज्ञानकथेला बळ मिळालं ते मुख्यतः संस्थेकडून. मराठी विज्ञान परिषद 1966 ची, आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धेने लेखक घडवले. 1974 च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत नारळीकर. आपल्या नावाचा निकालावर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं होतं. दारावरच्या माणसाने नावाकडे पाहू नये, याची काळजी इथे आत येणाऱ्यानेच घेतली. ती प्रत्येक लेखकाने घ्यावी अशी अपेक्षा कुठलीच व्यवस्था ठेवू शकत नाही. ती काळजी नियमांनी घ्यायची असते.

लिखित नियम असूनही काय होऊ शकतं हे 2023 मध्ये दिसलं. संमेलन चीनमधल्या चेंगडूला होतं. जानेवारी 2024 मध्ये ह्यूगोच्या नामांकनांचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा कळलं की आर. एफ. क्वांग यांची 'बॅबेल' ही कादंबरी, 'सँडमॅन' मालिकेचा एक भाग, लेखक शिरान जे झाओ आणि फॅन-लेखक पॉल वायमर यांना पुरेशी मतं असूनही अंतिम यादीतून वगळलं होतं. कारणाच्या जागी फक्त 'अपात्र' हा शेरा. 'बॅबेल'ला तर त्याच वर्षी विज्ञानकथेचा नेब्युला पुरस्कार मिळाला होता. पुढच्या महिन्यात पुरस्काराच्या प्रशासकांचे ईमेल बाहेर आले. उत्तर अमेरिकेतल्या काही प्रशासकांनी, चीनमध्ये अडचणीचं ठरेल असं काही सापडतं का म्हणून लेखकांचं लेखन चाळलं होतं. दोष चिनी वाचकांवर ढकलून मोकळं होणं सोपं होतं आणि अनेकांनी ते केलं. पण तिथल्या वाचकांनीही मतं दिली होती, आणि फसवणूक त्यांचीही झाली. 1939 मध्ये मूठभरांनी भीतीपोटी, कुणाला न विचारता दार लावलं होतं. चेंगडूला तेच झालं, फरक एवढाच की या वेळी घटना छापलेली होती आणि ती गुंडाळून ठेवली गेली.

त्याच्या पुढच्याच वर्षी ग्लासगोला दुसरी पद्धत दिसली. जुलै 2024 मध्ये तिथल्या समितीने जाहीर केलं की 377 मतपत्रिका बाद केल्या आहेत. म्हणजे एकूण मतांच्या जवळपास दहावा भाग. त्या एकाच उमेदवाराला जिंकवण्यासाठी टाकलेल्या होत्या, नावांची मांडणी संशयास्पद होती, एवढं समितीने उघड सांगितलं. त्या उमेदवाराचं नाव मात्र घेतलं नाही, कारण त्याला याची कल्पना होती असा पुरावा नव्हता. इथेही दार बंद केलंच गेलं, पण निकालाआधी, कारण लिहून, आणि ज्याचा दोष सिद्ध नाही त्याची अब्रू राखून.

उरतो तो प्रश्न पैशाचा आणि अंतराचा. हे नियम ज्या सभेत ठरतात तिथे प्रत्यक्ष हजर असल्याशिवाय मत नाही, अशीच रीत इतकी वर्षं होती. नागपूरच्या किंवा नैरोबीच्या वाचकाने अमेरिकेचं विमानभाडं आणि व्हिसा जमवल्याशिवाय त्याला तिथे तोंड उघडता येत नसे. 2025 मध्ये सिॲटलच्या समितीने ही सभा संमेलनाआधी, जुलैत, ऑनलाइन घेतली. ऑनलाइन सभेत नेहमीची खोलीतली चर्चा होत नाही असं जुन्या सभासदांचं म्हणणं आहे, आणि त्यात तथ्य आहे. तरीही माझी मागणी स्पष्ट आहे: एका समितीच्या उदारपणावर हे न सोडता दूरच्या सभासदाचा मताधिकार घटनेतच लिहिला जावा, आणि ज्याला किंवा ज्या कृतीला अपात्र ठरवलं जाईल त्याचं कारण निकालाआधी लेखी प्रसिद्ध करण्याचं बंधनही त्याच कलमाशेजारी यावं. हा ठराव मंजूर व्हायला दोन वर्षांच्या दोन सभा लागतील. भारतातल्या सभासदांनी तो मांडायला आता कुणाच्या परवानगीची गरज नाही.